बरोबर दुप्पट

मुंबई-गोवा महामार्गाने पेणकडे जाताना रामवाडीचा एसटी थांबा लागतो. गाडीची वाट पाहत तिथे उभे राहिलेल्या माणसाचे लक्ष रहदारीकडे असते, पायाखालच्या मातीकडे नसते. पण आज देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या कडेने काचेच्या तंतूंच्या केबली पुरलेल्या आहेत. इथून दक्षिणेला रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, तिच्या रुळांच्या सोबतीनेही अशी केबल गेली आहे. या तंतूंमधून दिवसरात्र प्रकाश धावतो. केबल कापून तंतूच्या टोकाकडे पाहिले तरी तो दिसणार नाही, कारण तो अवरक्त आहे. त्याची तरंगलांबी १५५० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि आपला डोळा ७०० नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ आंधळाच असतो.

हाच आकडा निवडण्याचे कारण काचेत आहे. शुद्ध काच या तरंगलांबीला सर्वांत पारदर्शक असते. तरीही किलोमीटरमागे ०.२ डेसिबल घट होतेच, म्हणजे १०० किलोमीटरनंतर सुरुवातीच्या प्रकाशाचा फक्त शंभरावा भाग उरतो. दूरसंचारवाल्यांपुढची ही अडचण १९८७ मध्ये सुटली. इंग्लंडमधील साउदम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत इमॅन्युएल देसुर्व्हिर यांनी काचेच्या तंतूत एर्बियम या धातूचे अणू किंचित प्रमाणात मिसळले. दुसऱ्या एका लेझरने या अणूंना ऊर्जा भरली, की त्यातून जाणारा १५५० नॅनोमीटरचा क्षीण प्रकाश वाटेतच सबळ होतो. प्रकाशाचे विजेत आणि विजेचे पुन्हा प्रकाशात रूपांतर करण्याची गरज उरत नाही. आत शिरणारा प्रत्येक फोटॉन आपल्यासारखेच, त्याच तालातले दुसरे फोटॉन बाहेर काढतो. या तालाचे महत्त्व पुढे येईल.

दूरसंचारासाठी घडवलेला हा अवरक्त प्रकाश अणूंच्या मोजमापाचे अत्यंत अचूक साधन कसा झाला, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी दोनच गोष्टी कराव्या लागतात. आधी प्रकाश सबळ करायचा आणि मग त्याची वारंवारता दुप्पट, म्हणजेच तरंगलांबी निम्मी करायची.

प्रत्येक मूलद्रव्याचा अणू ठरावीक रंगांचाच प्रकाश शोषतो. कोणता रंग किती शोषला गेला हे पाहून अणूच्या आतली रचना ओळखायची, हे वर्णपटशास्त्राचे काम. रुबिडियम हा प्रयोगशाळांचा आवडता अणू आहे. त्याची सर्वांत ठळक रेषा ७८०.२४ नॅनोमीटरला येते. त्याची दुप्पट १५६०.४८. ही तरंगलांबी एर्बियमच्या प्रवर्धकाच्या पट्ट्यात सहज बसते. रुबिडियमची दुसरी एक, त्याहून बारीक रेषा ७७८.१ नॅनोमीटरला आहे. अणू तिथे समोरासमोरून येणारे दोन फोटॉन एकदम गिळतो, त्यामुळे अणूच्या धावण्याने रंगात पडणारा फरक आपोआप खोडला जातो. तिची दुप्पट १५५६.२, तीही त्याच पट्ट्यात. रुबिडियम आणि काच यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, तरी हे आकडे असे जुळावेत हा निसर्गातला फार उपयोगी योगायोग आहे.

इथे एक रास्त शंका येते. ७८० नॅनोमीटरचे लेझर बाजारात असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? जुन्या सीडी प्लेअरमध्ये याच तरंगलांबीचा लेझर असे. पण त्यातून एकाच वेळी भरपूर शक्ती आणि अत्यंत शुद्ध रंग मिळणे कठीण असते. दूरसंचाराच्या साहित्याचे तसे नाही. ते लाखोंच्या संख्येने बनते, वर्षानुवर्षे न बिघडता चालते, सगळा प्रकाश तंतूतच राहत असल्याने आरसे हलण्याची भीती नसते. निळ्या आणि अतिनील प्रकाशात तर निवडच फार थोडी आहे. तिथल्या अणुरेषांपर्यंत शुद्ध आणि सबळ प्रकाश न्यायचा, तर अवरक्तापासून सुरुवात करणे हाच बहुतेकदा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो.

दुप्पट करण्याची युक्ती जवळजवळ लेझरइतकीच जुनी आहे. पहिला लेझर मे १९६० मध्ये चमकला. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर सोडला आणि मागे फोटोची काच ठेवली. लाल प्रकाशाच्या मोठ्या डागाशिवाय तिच्यावर ३४७ नॅनोमीटरच्या जागी एक अंधूक ठिपका उमटला. लाल प्रकाशाचा जेमतेम दहा कोटींतला एक भाग अतिनील झाला होता. शोधनिबंध छापताना तो ठिपका डाग समजून पुसला गेला आणि निबंधात बाण दाखवतो ती जागा रिकामी राहिली. अरेषीय प्रकाशशास्त्र नावाच्या शाखेचा पहिला पुरावा छापील स्वरूपात दिसतच नाही. तरीही त्या निबंधाने शाखा सुरू झाली.

स्फटिकात घडते काय? प्रकाश म्हणजे थरथरणारे विद्युतक्षेत्र. त्याच्या ओढीने स्फटिकातले इलेक्ट्रॉन मागेपुढे हलतात. क्षेत्र मंद असेल तर इलेक्ट्रॉन त्याच्याच तालावर हलतात आणि त्याच रंगाचा प्रकाश पुढे देतात. क्षेत्र प्रखर असेल आणि स्फटिकाची रचना दोन्ही बाजूंनी सारखी नसेल, तर इलेक्ट्रॉनला एका दिशेला जाणे सोपे आणि उलट दिशेला अवघड पडते. त्याची हालचाल वेडीवाकडी होते. या वाकडेपणाचा पहिला भाग क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. कोज्येचा वर्ग केला की दुप्पट कोनाची कोज्या मिळते, हे सूत्र महाविद्यालयात जाण्याच्या सुमारास प्रत्येक विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पाठ केलेले असते. स्फटिक तेच गणित करतो. फोटॉनच्या भाषेत सांगायचे तर अवरक्ताचे दोन फोटॉन नाहीसे होतात आणि त्या दोघांची मिळून ऊर्जा असलेला एक फोटॉन जन्मतो.

वर्गाच्या या नात्यातच प्रवर्धनाची गरज दडलेली आहे. आत जाणारी शक्ती दहा पट केली, तर बाहेर येणारा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश सुरुवातीला शंभर पट होतो. काही मिलिवॉटचा लेझर थेट स्फटिकात सोडला तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. तोच लेझर एर्बियमच्या तंतूतून काही वॉटपर्यंत चढवला, की त्यातला मोठा वाटा ७८० नॅनोमीटरला उतरवता येतो. शक्ती कमी पडली तर स्फटिक चार आरशांच्या बंद वाटेत ठेवतात आणि तोच प्रकाश पुन्हा पुन्हा फिरवतात.

पण शक्ती एवढीच अट नाही. काचेतून किंवा स्फटिकातून जाताना निळा प्रकाश तांबड्यापेक्षा हळू चालतो. स्फटिकात पुढच्या टप्प्यावर जन्मलेला नवा प्रकाश मागून आलेल्या नव्या प्रकाशाशी ताल जुळवत नाही. कोकण किनाऱ्यावर रापण ओढताना दोन्ही दोरांवरची माणसे एका हाकेवर ओढतात. निम्म्यांनी ओढावे आणि निम्म्यांनी त्याच क्षणी ढिले सोडावे, तर जाळे जागचे हलत नाही. स्फटिकातही ताल सुटला की काही मायक्रॉनच्या अंतरात मिळवलेला प्रकाश परत अवरक्तात जमा होतो. फ्रँकन यांच्या ठिपक्याचा अंधूकपणा मुख्यतः यामुळेच होता.

यावरचा पहिला उपाय १९६२ मध्ये सापडला. काही स्फटिकांत प्रकाशाचा वेग त्याच्या कंपनाच्या दिशेवर अवलंबून असतो. अवरक्त एका दिशेने कंपणारा आणि दुप्पट प्रकाश दुसऱ्या दिशेने कंपणारा असेल, आणि स्फटिक नेमक्या कोनात धरला, तर दोघांचा वेग एक होतो. दुसरा उपाय त्याच वर्षी निकोलास ब्लूमबर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर मांडला, तो प्रत्यक्षात नीट उतरायला पुढची तीस वर्षे लागली. ताल उलटतो त्या प्रत्येक अंतरावर स्फटिकाचीच दिशा उलटी करायची, म्हणजे बिघडू पाहणारा ताल पुन्हा सावरतो. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर विजेच्या जोरदार दाबाने असे पट्टे उमटवतात. १५६० नॅनोमीटरला दुप्पट करण्यासाठी या पट्ट्यांची आवृत्ती सुमारे १९ मायक्रॉन लागते, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तापमान थोडे बदलले तरी हिशोब चुकतो, म्हणून स्फटिक छोट्या भट्टीत ठेवून त्याचे तापमान अंशाच्या छोट्या भागापर्यंत स्थिर राखावे लागते. ब्लूमबर्गन यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी लेझर वर्णपटशास्त्रासाठी आर्थर शॉलो यांनाही.

या इतिहासात महाराष्ट्राच्या मातीतला एक माणूस आहे, आणि त्याचे नाव आपल्याकडे जेवढे घेतले जावे तेवढे घेतले जात नाही. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. कारखान्यात पत्रे कापणारा आणि शस्त्रक्रियेत वापरला जाणारा हा लेझर सर्वांना परिचित आहे. त्याच्या दुसऱ्याच वर्षी पटेल यांनी केलेले काम मात्र सहसा सांगितले जात नाही. १०.६ मायक्रॉनचा हा अवरक्त प्रकाश नेहमीचे स्फटिक गिळून टाकतात. पटेल यांनी टेल्युरियम घेतले. दिसायला ते धातूसारखे चकचकीत आणि अपारदर्शक, पण या खोल अवरक्ताला पारदर्शक. त्यात ताल जुळवून त्यांनी १०.६ चे ५.३ मायक्रॉन केले. ५.३ मायक्रॉनजवळच नायट्रिक ऑक्साइड वायूची शोषणरेषा आहे. पुढे १९७० च्या दशकात पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पट्ट्यातल्या, पण वेगळ्या पद्धतीने रंग बदलणाऱ्या लेझरचे उपकरण बलूनमधून वर पाठवून स्थितांबरातला हा वायू मोजला. ओझोनच्या थराशी या वायूचे वैर आहे, म्हणून त्या मोजणीला मोल होते. अणुरेणूंच्या रेषेपर्यंत प्रकाश पोहोचवण्यासाठी अवरक्ताचा रंग बदलायचा, हा विचार त्यांच्या कामात इतक्या लवकर आणि इतका स्पष्ट दिसतो.

आता या सगळ्यामागच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. आपण प्रकाशाला प्रवर्धकातून काढले, पट्ट्यापट्ट्यांच्या स्फटिकातून नेले, त्याचा रंगच बदलला. एवढी उलथापालथ झाल्यावर बाहेर आलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेवर विश्वास कसा ठेवायचा? ती खरोखर दुप्पट आहे, की दुपटीच्या जवळपास आहे?

२००२ मध्ये जर्मनीच्या ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मोजमाप संस्थेतील शास्त्रज्ञांनी हे तपासले. त्यांनी १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त आणि त्यापासून बनवलेला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश यांच्या वारंवारतांचे गुणोत्तर मोजले. उत्तर आले २.०००००००००००००००००१, आणि शेवटचा तो १ सुद्धा मोजणीच्या अनिश्चिततेच्या मर्यादेजवळचा. अब्जावर अब्ज भागांत एकाच्या पातळीपर्यंत शोधूनही दोनपासून ढळलेले काही सापडले नाही. माझ्या मते संपूर्ण प्रायोगिक भौतिकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या आकड्यांपैकी हा एक आहे. इतर बहुतेक उपकरणे मोजताना आपली थोडी चूक मिसळतात. दुप्पट करणारा स्फटिक वारंवारतेत जवळजवळ काहीच मिसळत नाही, कारण दोन फोटॉनांची ऊर्जा एका फोटॉनात गेली की हिशोब पूर्ण होतो, उरायला जागा नसते.

म्हणूनच हायड्रोजनसारख्या अणूची मोजणी शक्य झाली. हायड्रोजनच्या पहिल्या पातळीवरून दुसरीवर जाण्याची एक अत्यंत बारीक रेषा दोन अतिनील फोटॉनांनी उघडते, प्रत्येक २४३ नॅनोमीटरचा. म्युनिकजवळ थिओडोर हॅन्श यांच्या गटाने त्यासाठी ९७२ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर घेतला, तो सबळ केला, एकदा दुप्पट करून ४८६ चा निळा मिळवला, आणि पुन्हा दुप्पट करून २४३ चा अतिनील. दोनदा दुप्पट आणि वर दोन फोटॉन, म्हणजे अणूने दाखवलेली वारंवारता सुरुवातीच्या अवरक्ताच्या नेमकी आठपट. अवरक्त मोजा, आठने गुणा, हायड्रोजन मोजला गेला. या रेषेची वारंवारता आज पंधरा अंकांपर्यंत माहीत आहे, सुमारे २४६६ टेराहर्ट्‌झ. अवरक्ताची मोजणी हॅन्श आणि जॉन हॉल यांनी घडवलेल्या वारंवारतेच्या कंगव्याने होते, ज्यासाठी दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. या कंगव्याचे दाते म्हणजे प्रकाशाच्या ठरावीक वारंवारता. त्या सारख्या अंतरावर असतात, पण शून्यापासून सारा कंगवा थोडा सरकलेला असतो. तो किती सरकला हे काढायला कंगव्याच्या अवरक्त टोकाचा एक दाता दुप्पट करतात आणि निळ्या टोकाकडच्या दुप्पट क्रमांकाच्या दात्याशी ताडून पाहतात. फरक येतो तो नेमका सरकण्याएवढा. दुप्पट ही बरोबर दुप्पट नसती, तर कंगव्याला शून्य सापडलेच नसते.

पुण्यात हे काम आज चालू आहे. पाषाण रस्त्यावरील आयसर संस्थेत प्रा. उमाकांत रापोल यांची प्रयोगशाळा रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियमचे अणू लेझरने अतिथंड करते. स्ट्रॉन्शियम थंड करायला ४६१ नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो, आणि तो मिळवायची रुळलेली वाट म्हणजे ९२२ नॅनोमीटरचा अवरक्त सबळ करून दुप्पट करणे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुकात प्रा. सुभदीप डे यांचा गट इटर्बियमच्या एका आयनावर चालणारे प्रकाशघड्याळ उभारतो आहे. त्याची घड्याळ-रेषा ४६७ नॅनोमीटरला, म्हणजे ९३४ च्या अवरक्ताची दुप्पट वारंवारता. या रेषेची वरची पातळी उत्तेजित झाल्यावर सरासरी दीड वर्षाहून अधिक काळ टिकते, त्यामुळे रेषा जवळजवळ अकल्पनीय बारीक असते. आजचा सेकंद १९६७ पासून सिझियमच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांनी ठरतो. तो प्रकाशाच्या वारंवारतेवर नव्याने ठरवण्याचा आंतरराष्ट्रीय निर्णय २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संवेदन आणि मोजमापाचे केंद्र आयआयटी मुंबईकडे आले आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेतही १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर सबळ केला जाईल, आणि चार किलोमीटरच्या बाहूंना ताळ्यावर आणायला त्याचाच दुप्पट केलेला हिरवा प्रकाश मदतीला येईल.

एक सावधगिरी या कामात कायम बाळगावी लागते. स्फटिक वारंवारता दुप्पट करतो, तशी थरथरही दुप्पट करतो. अवरक्त लेझर एक किलोहर्ट्‌झ डळमळत असेल तर बाहेरचा प्रकाश दोन किलोहर्ट्‌झ डळमळतो. प्रवर्धक आत आलेला प्रकाश सबळ करतो, सोबत स्वतःचा थोडा बेतालही प्रकाश घालतो. म्हणून शुद्धता सुरुवातीलाच, प्रवर्धनापूर्वी मिळवावी लागते. नंतर ती मिळत नाही. सुरुवातीला आलेले पेण ज्या जिल्ह्यात आहे, त्या रायगडला मोजमापाचा हा कडकपणा नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मोजमाप बिघडेल, हे ओळखून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले आणि अजून तिथेच चालते.

शेवटी वाचकांना एक सांगणे. दुप्पट करणारा स्फटिक पाहायला प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. जत्रेत मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त हिरव्या लेझर पॉइंटरमध्ये तो असतो. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर, त्याने पेटणारा १०६४ चा दुसरा अवरक्त लेझर आणि त्याची वारंवारता दुप्पट करणारा स्फटिक, मग ५३२ चा हिरवा. चांगल्या पॉइंटरमध्ये उरलेला अवरक्त अडवणारी गाळणी असते, स्वस्तात ती पुष्कळदा वगळलेली असते. हिरव्या झोतासमोर पापणी मिटते, अवरक्तासमोर ती मिटत नाही, आणि दृष्टिपटल भाजले तर ते पूर्ववत होत नाही. गणपतीच्या मिरवणुकांतल्या लेझर झोतांमुळे डोळे दुखावल्याच्या बातम्या आल्यावर २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्या झोतांवर बंदी घातली. पेणसारख्या गणपतीच्या गावाने ही बंदी आपणहून पाळावी, आणि मुलांच्या हाती असा पॉइंटर खेळणे म्हणून देऊ नये.